कलांचोला रात्र मिळू द्या

थंडीची चाहूल लागली की पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंत नर्सऱ्यांच्या दारात कलांचोच्या कुंड्या मांडल्या जातात. जाड, मांसल, कडेला दातेरी पाने आणि त्यांच्यावर लाल, पिवळ्या, केशरी, गुलाबी किंवा पांढऱ्या बारीक फुलांचे घट्ट झुबके. घरी आणलेली कुंडी कित्येक आठवडे फुललेली राहते, फारसे पाणी मागत नाही, कीडही सहसा धरत नाही. मग फुले तपकिरी पडतात, दांडे वाळतात, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच झाडावर नुसती पाने दिसतात. तेव्हा घरात दोनपैकी एक निष्कर्ष निघतो: हे झाड एकदाच फुलते, नाहीतर नर्सरीवाले ते फुलवण्यासाठी काहीतरी औषध मारतात. कुंडी कचऱ्यात जाते आणि नवी येते. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. कलांचो बहुवर्षायू आहे आणि दरवर्षी फुलण्याची त्याची ताकद शाबूत असते. ती अडते बहुतेक वेळा आपल्या घरातल्या दिव्यांपाशी. म्हणून टॉनिकची बाटली आणण्याआधी त्या कुंडीला रोज किती तासांची रात्र मिळते, याचा हिशेब मांडायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याला शंभर वर्षांचा भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूच्या वाणाने हैराण झाले होते. उन्हाळ्यात शेतात हा वाण उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र लहान असतानाच फुलून येई. तापमान, खत, ओलावा, उन्हाची तीव्रता असे एकेक कारण त्यांनी तपासून बाजूला केले. शेवटी 1918 च्या उन्हाळ्यात त्यांनी काही रोपे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि ती रोपे ऐन उन्हाळ्यात फुलली. दिवसाच्या लांबीवरून वनस्पती ऋतू ओळखतात, हे 1920 च्या त्यांच्या निबंधाने मांडले. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. पडीक रानात माजणारे आणि काटेरी फळांनी कपड्यांना चिकटणारे हेच ते तण. या प्रयोगांनी मूळ समजुतीत एक महत्त्वाची दुरुस्ती केली. झाड खरे तर अखंड अंधाराची लांबी मोजत असते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तरी त्या रात्रीचा परिणाम पुसला जातो. उलट दिवसाच्या मध्ये थोडा अंधार केला, तर काहीच बिघडत नाही. पानांतल्या फायटोक्रोम या रंगद्रव्यामुळे झाडाला हा फरक कळतो आणि प्रकाशातल्या लाल भागाला ते विशेष संवेदनशील असते, हेही नंतर अमेरिकी कृषी खात्याच्याच बेल्ट्सविल इथल्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

कलांचो याच गटातला, म्हणजे लांब रात्री आल्या की कळ्या धरणारा. मादागास्करच्या डोंगरांतले हे झाड रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी 1932 मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला आणले. त्यांचे नाव ‘कलांचो ब्लॉसफेल्डिआना’ या शास्त्रीय नावात राहिले आहे. इतक्या खात्रीने हुकमी फुलणारे झाड हाती लागल्यावर संशोधकांनी पुढची कित्येक दशके त्यावर प्रयोग केले आणि बागायतदारांनी त्याचा व्यवसाय उभा केला. आज व्यापारी कलांचो वर्षातल्या कोणत्याही महिन्यात फुलवता येतो, तो संध्याकाळी रोपांवर काळे कापड ओढून. आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये शेवंती घेणाऱ्या शेतकऱ्यांनाही ही युक्ती ठाऊक आहे: रोप वाढवायचे असेल तेव्हा रात्री दिवे लावायचे, फुले हवी असतील तेव्हा काळे कापड घालायचे. म्हणजे औषध मारल्याची शंका घेणाऱ्या ग्राहकाला अर्धेच खरे कळलेले असते. रोप बुटके आणि गच्च राहावे म्हणून वाढ रोखणारी रसायने व्यापारी लागवडीत वापरतात, हे खरे. फुले मात्र अंधारानेच येतात.

आता हिशेब महाराष्ट्रापुरता मांडू. मुंबईत 21 डिसेंबरच्या आसपास दिवस सुमारे 11 तासांचा आणि रात्र 13 तासांची असते. जूनच्या अखेरीस हेच गणित उलटून दिवस सव्वातेरा तासांवर जातो. सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही समान होतात आणि ऑक्टोबरपासून रात्र सरस ठरू लागते. कलांचोच्या बहुतेक जातींना कळी धरण्यासाठी दिवस साधारण साडेअकरा ते साडेबारा तासांच्या आत यावा लागतो. संधिप्रकाशही झाडाला दिवसासारखाच वाटतो. तो धरला तरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्या आकाशाची रात्र बहुतेक जातींना पुरते. मग चौदा तास अंधार द्या, असे का सांगितले जाते? ती बागायतदारांची खात्रीची मात्रा आहे. सगळ्या जातींची रोपे एकाच वेळी विक्रीला तयार व्हावीत, यासाठी ठेवलेली. घरात फुले आठ-पंधरा दिवस मागेपुढे आली तर काही बिघडत नाही. उत्तर युरोपातल्या घरांपेक्षा आपली स्थिती याबाबत सोपी आहे: इथली थंडी झाडाला मारत नाही आणि रात्र जवळजवळ पुरेशी असते.

पण ही रात्र आकाशाची झाली. हॉलच्या खिडकीत ठेवलेल्या कुंडीची रात्र वेगळी असते. तिथे पहाटे सहाला दिवा लागतो आणि रात्री अकरापर्यंत ट्यूब चालू असते. सतरा तास उजेड, सात तास अंधार. लंडनमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वर्षातली सर्वांत लहान रात्र असते, तीही याहून थोडी मोठी. तेव्हा हॉलमधल्या कलांचोला डिसेंबरातही भर उन्हाळाच चालू आहे असे ‘दिसत’ असेल आणि तो पाने काढत राहत असेल, तर तो अगदी बिनचूक वागतो आहे. गॅलरीत ठेवला तरी सुटका होईलच असे नाही. समोर सोसायटीचा रात्रभर जळणारा दिवा, खाली रस्त्याचा खांब, आणि ऐन कळ्या धरण्याच्या आठवड्यांत दिवाळी. आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा त्याच ग्रिलला लागतात जिथे कुंड्या टांगलेल्या असतात, आणि त्या पुष्कळ घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत, काही ठिकाणी देवदिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी लागतात. कंदील काढावा असे कोणी म्हणणार नाही. तेवढे आठवडे कुंडी घराच्या दुसऱ्या बाजूला न्यावी, एवढेच पुरे.

यावर एक रास्त शंका येते. एखाद्या दिव्याच्या मंद उजेडाने खरेच एवढा फरक पडतो का? चांदणेही प्रकाशच आहे; तरी झाडे पौर्णिमेला ऋतू विसरत नाहीत. याचे उत्तर तीव्रतेत आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश जेमतेम पाव लक्स भरतो. दिवे लावलेल्या खोलीत शंभर-दोनशे लक्स सहज असतात आणि खांबाच्या दिव्याखाली दहा-वीस. चांदण्यात आणि खोलीतल्या उजेडात शेकडो पटींचे अंतर आहे. दुसऱ्या इमारतीचा दूरचा दिवा, दाराच्या फटीतून येणारी तिरीप यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. कुंडीवर थेट पडणारा, झाडाची सावली जमिनीवर उमटवणारा दिवा मात्र टाळलाच पाहिजे. ही सावलीची खूण मला कोणत्याही उपकरणापेक्षा उपयोगी वाटते: रात्री नऊ वाजता दिव्यामुळे झाडाची स्पष्ट सावली दिसत असेल, तर ती जागा कलांचोसाठी अजून दिवसच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल रुजलेला आहे आणि तो शेतीच्या खऱ्या अनुभवातून येतो. आपल्याकडे डाळिंबाची किंवा संत्र्याची बाग ताण देऊन फुलवतात. पाणी तोडायचे, पाने गळू द्यायची, मग पाणी आणि खत देऊन आंबिया, मृग किंवा हस्त बहार धरायचा. हे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेले तंत्र आहे, त्यामुळे पाणी तोडल्यावर कलांचोही फुलेल असे वाटणे साहजिक आहे. पण त्या फळझाडांना ताण जो इशारा देतो, तो कलांचोला रात्रीकडून मिळतो. जास्त पाणी वाईट असते ते मुळे कुजतात म्हणून. कोरडे ठेवल्याने कळ्या येतात म्हणून नव्हे. दिव्याखाली ठेवलेल्या कलांचोचे पाणी तोडले तर तो सुरकुततो, एवढेच होते. खताचेही तसेच. ‘ब्लूम बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्फुरदप्रधान मिश्रणांवर लोक खर्च करतात. निकृष्ट मातीतल्या झाडाला अन्नद्रव्ये लागतात, हे मान्य. पण अन्न कितीही दिले तरी ऋतूचा संदेश त्यातून पोचत नाही. नत्र जास्त झाले तर पाने लुसलुशीत होतात आणि भुरी चटकन येते.

रात्रीचे महत्त्व या कुळाला आणखी एका बाजूने आहे आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. आपल्या घरोघरी असलेली पानफुटी कलांचोची सख्खी नातलग. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन या निसर्गअभ्यासकाच्या ध्यानात आले होते की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळकडे कडवट. त्यांचे हे निरीक्षण 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. आज त्याचे कारण माहीत आहे. ही झाडे पाणी वाचवण्यासाठी पानांची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, रात्रभर कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा तो वापरतात. कलांचो ब्लॉसफेल्डिआनात तर लांब रात्री मिळू लागल्यावरच ही पद्धत जोर धरते आणि नवी पाने लहान, अधिक जाड निघतात. बागकाम करणाऱ्याला ही आयतीच खूण आहे. नोव्हेंबरमध्ये शेंड्याची पाने बसकी आणि गरदार दिसू लागली, तर झाडाला रात्र पोचली असे समजावे. (पान चाखून मात्र पाहू नये. कलांचोत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागेल अशी कुंडी ठेवू नये.)

सगळ्याच मांसल झाडांना हा नियम लावू नये, हेही सांगायला हवे, कारण ‘सक्युलंट’ या एकाच नावाखाली विकली जाणारी झाडे फुलण्याच्या बाबतीत एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. नाताळच्या सुमारास फुलणारा लोंबत्या फांद्यांचा निवडुंग कलांचोप्रमाणेच लांब रात्री आणि गारवा मागतो. अडेनियमला भरपूर ऊन आणि ऊब हवी. त्याला अंधारात झाकणे म्हणजे शिक्षाच. लाल फुलांचा काटेरी युफोर्बिया कडक उन्हात जवळजवळ वर्षभर फुलतो. पावसाळी रात्री फुलणारे आपल्या गच्चीवरचे ब्रह्मकमळ मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे निवडुंग. त्याला थोडे वय, झाडाखालच्यासारखा गाळीव उजेड आणि कळ्या दिसल्यावर कुंडी न हलवण्याचा संयम लागतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच असावा: हे झाड मूळचे कुठले आणि तिथे ते कोणत्या ऋतूत फुलते? कलांचोपुरते उत्तर रात्रीत आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. कुंडी स्वस्तात मिळते, मग रोज खोके झाकायचा उद्योग कशाला? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाकडे दीड महिना रोज संध्याकाळी सहाला घरी असण्याची सोय नसते. पण खोके ही शेवटची पायरी आहे. बहुतेक घरांत अशी एखादी जागा असते जिथे दिवसा चांगला उजेड येतो आणि रात्री दिवा लागत नाही: कोरडी बाल्कनी, गच्चीचा कठड्याआडचा कोपरा, संध्याकाळनंतर वापरात नसलेल्या खोलीची खिडकी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंडी तिथे न्यायची आणि कळ्या दिसेपर्यंत हलवायची नाही. कष्ट एकदाचे. तशी जागा नसेल तरच संध्याकाळी सहा ते सकाळी आठ झाडावर पुठ्ठ्याचे खोके किंवा बादली उपडी घालायची. साधारण सहा आठवडे हे नियमाने करावे लागते. अधूनमधून चुकलेल्या रात्रींनी उशीर होतो. कळ्या स्पष्ट दिसल्या की झाकणे थांबवले तरी चालते. रात्री लांबू लागल्यापासून फुले उमलेपर्यंत एकूण दहा-चौदा आठवडे जातात, त्यामुळे ऑक्टोबरच्या मेहनतीचे फळ जानेवारीत दिसते. ऑक्टोबरचा उकाडा लांबला तर थोडे आणखी पुढे, कारण गरम रात्री या झाडाच्या कळ्यांना मागे खेचतात. आणि दिवसा उजेड हवाच. अंधार फक्त रात्रीचा हवा; दिवसभर कपाटात ठेवलेले झाड नुसते फिके पडते. स्वस्ताईच्या मुद्द्यावर मला इतकेच म्हणायचे आहे की, वर्षानुवर्षे टिकू शकणाऱ्या वंशाला आपण गुच्छासारखे वागवतो, आणि दर हिवाळ्याला एक प्लास्टिकची कुंडी आणि एक जिवंत झाड कचऱ्यात टाकतो, त्याची किंमत नर्सरीच्या दरात कुठेच धरलेली नसते.

या बाबतीत विक्रेत्यांवरही जबाबदारी येते. अंधाराचे तंत्र वापरून झाड फुलवले जाते आणि ते तंत्र न सांगता विकले जाते. कुंडीला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘ऑक्टोबर ते नोव्हेंबर रात्री दिवा नको’ एवढे मराठीत छापायला फार खर्च येत नाही. दुसऱ्या वर्षीच्या झाडाचा आकार नर्सरीतल्या रोपाइतका गोंडस नसेल, कारण घरी वाढ रोखणारी रसायने नसतात, हेही ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगावे. अपेक्षा योग्य असली तर लोक झाड ठेवतात.

आणि ठेवले तर फुलल्यानंतरची काळजीच पुढचा हंगाम ठरवते. झुबका सुकू लागला की दांडा खालच्या दोन-चार पानांपर्यंत कापून टाकावा, नाहीतर झाड बिनकामाच्या दांड्यांवर शक्ती घालवते. बहुतेक नर्सऱ्यांत रोप निव्वळ कोकोपीटमध्ये असते. ते एकतर सतत ओले राहते, किंवा पूर्ण वाळले की पुन्हा पाणी धरत नाही. म्हणून मार्चमध्ये मुळे हलक्या हाताने मोकळी करून माती, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत अशा मिश्रणात, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावावे. मातीची कुंडी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचे ऊन पाने भाजते, ती लालसर पडतात. सकाळचे ऊन पुरे. पावसाळा हा या झाडाचा खरा शत्रू. कोकणात आणि मुंबईत उघड्यावर ठेवलेला कलांचो बुंध्यापासून कुजतो, म्हणून जून ते सप्टेंबर पागोळीच्या आत, वारा खेळेल अशा जागी ठेवावा आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा. याच महिन्यांत दिवस मोठे असतात, झाड जोमाने पाने काढते, तेव्हा एक-दोनदा शेंडे खुडले की फुटवे वाढतात आणि जितके फुटवे तितके झुबके. ऑगस्ट संपला की खुडणे थांबवावे, सप्टेंबरपासून नत्राचे खतही. खुडलेले शेंडे फेकू नयेत. बोटभर लांबीचा तुकडा एक-दोन दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा आणि वाळूमिश्रित मातीत खोचावा. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूळ झाड खालून लाकडी, उघडे आणि वाकडे होते, कितीही छाटले तरी पुन्हा गच्च होत नाही. तोवर शेजारच्या दोन कुंड्यांत त्याचीच रोपे फुलण्याच्या वयाला आलेली असतात. त्या टप्प्यावर जुने झाड खुशाल खतात टाकावे.